एकदा वितळवलेली फिल्म पुन्हा तशी का ताणली जात नाही?

आधी प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला आहे की नाही हे तुम्हालाही तपासता येईल.

तुम्ही अतिउच्च रेणुभाराचं पॉलिइथिलीन (रेणुभार साधारण 30 लाख) डेकॅलिन या द्रावकात 1 टक्का विरघळवलं, थंड करून जेल केलं, वाळवलं आणि 20 मायक्रॉनच्या आसपास जाडीची फिल्म मिळवली. ही फिल्म 120 अंश सेल्सिअसला 40 पटींहून जास्त ताणली गेली. मग तिचाच दुसरा तुकडा 160 अंशांना 10 मिनिटं वितळवला, थंड केला आणि पुन्हा 120 अंशांनाच ताणला, तर तो 6 पटींवर तुटला. इथवर पुस्तकात आहे तसंच झालं. तुम्हाला खटकतं ते पुढचं. हीच फिल्म रिओमीटरमध्ये (नमुना थोडासा हलवून त्याचा ताठपणा मोजणारं यंत्र) 160 अंशांना ठेवली तर 10 मिनिटांनी तिचा मोड्युलस, म्हणजे ताठपणाचा आकडा, अंतिम किमतीच्या निम्म्यावरही येत नाही, पुढे कित्येक तास तो वाढतच राहतो. गुंता वाढतो तसा मोड्युलस वाढतो, म्हणजे साखळ्यांचा (पॉलिमरच्या लांब रेणूंचा) गुंता अजून अर्धाही झालेला नाही. मग ताणक्षमता पूर्ण गेली कशी? तुमचे सर म्हणतात, पॉलिमर जळलाय, साखळ्या तुटल्यात. तुम्हाला ते पटत नाही, पण उलट उत्तरही सापडत नाही.

माझं मत आधीच सांगतो. सरांची शंका तपासायलाच हवी, आणि ती तपासायची सोपी युक्ती शेवटी देतो. पण खरं कारण बहुधा वेगळं आहे. रिओमीटर आणि ताणयंत्र एकाच गुंत्याबद्दल बोलत आहेत असं तुम्ही धरून चाललात. ती दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, आणि त्या दोन गोष्टींचा वेग हजारो पटींनी वेगळा असतो.

आता सावकाश जाऊ.

तुमच्या एका रेणूचा हिशेब मांडा. 30 लाख रेणुभाराची पॉलिइथिलीनची साखळी सरळ ताणून धरली तर सुमारे 27 मायक्रॉन लांब भरते, तुमच्या फिल्मच्या जाडीपेक्षाही जास्त. द्रावणातून थंड होताना ही साखळी जेमतेम 12 नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यात (आपण लॅमेला म्हणतो तो) मागेपुढे घड्या घालत बसते. भागाकार केलात तर दोन हजारांहून जास्त घड्या येतात. डोळ्यांसमोर चित्र हवं असेल तर नऊवारीच्या निऱ्या आणा. एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी. टोक धरून ओढलं की निरीमागून निरी सुटत जाते, कुठे अडत नाही. तुमची न वितळवलेली फिल्म 40 पट ताणली जाते ती याच कारणाने.

अडथळा येतो तो गाठींचा. गाठ म्हणजे खरीखुरी गाठ नव्हे, एक साखळी दुसरीवरून ओलांडून गेलेली असते आणि टोक मोकळं झाल्याशिवाय सुटत नाही, ती जागा. पॉलिइथिलीनच्या शुद्ध वितळात अशा दोन गाठींमधला रेणुभार 1,200 च्या आसपास असतो. म्हणजे तुमच्या एका साखळीवर साधारण अडीच हजार गाठी. 1 टक्का द्रावणात साखळ्या एकमेकींपासून लांब असतात आणि गाठींमधलं अंतर ढोबळमानाने 100 पट वाढतं. गाठी उरतात पंचवीसेक. या पंचवीस गाठी फिल्म विखुरली जाऊ नये म्हणून लागतातच. त्याहून खूप पातळ द्रावण घेतलंत तर हाती फिल्म येत नाही, पापडाचा चुरा येतो. दोन गाठींमधला तुकडा किती ताणला जाऊ शकतो हे त्याच्या लांबीच्या वर्गमुळावर ठरतं, कारण गुंडाळलेल्या तुकड्याची रुंदी लांबीच्या वर्गमुळाने वाढते आणि सरळ केलेल्याची थेट लांबीने. लांबी 100 पट झाली तर ताण 10 पट. वितळातून गोठवलेल्या फिल्मचे 5-6 पट आणि द्रावणातल्या फिल्मचे 40-50 पट, हे दोन आकडे याच एका हिशेबात बसतात. हॉलंडमध्ये डीएसएम कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉल स्मिथ आणि पीट लेम्स्ट्रा यांनी 1979-80 मध्ये जेलपासून धागा ओढण्याची जी पद्धत काढली, जिच्यातून पुढे डायनीमा हा धागा आला, तिचं सगळं मर्म इतकंच आहे: गाठी कमी असताना साखळ्यांना गोठवा, आणि त्या पुन्हा वाढायच्या आत ताणून घ्या.

'वाढायच्या आत' हे महत्त्वाचं. तुमची फिल्म समतोलात नाही. पॉलिइथिलीनला वितळात अडीच हजार गाठी हव्या आहेत आणि तुम्ही त्याला पंचविसावर स्फटिकात कोंडून ठेवलं आहे. स्फटिक वितळला की कोंडवाड्याचं दार उघडलं. प्रश्न एवढाच की दार उघडल्यावर काय काय, आणि किती वेळात होतं.

इथे दोन गोष्टी होतात.

पहिली गोष्ट झटपट होते. निऱ्यांमध्ये दाटीवाटीने बसलेली साखळी मोकळी झाली की तिला गोळा व्हायचं असतं, म्हणजे वेडावाकडा, सैल गुंडा. 30 लाख रेणुभाराला या गुंड्याची त्रिज्या 80 नॅनोमीटरच्या घरात येते. पॉलिइथिलीनचे द्रावणात वाढवलेले स्फटिक वितळवताना बारहम आणि सॅडलर यांनी न्यूट्रॉन कसे विखुरतात त्यावरून हे पाहिलं, त्यांचा निबंध 1991 चा. साखळ्या त्यांच्या वितळातल्या आकाराला इतक्या पटकन पोचल्या की अख्खी साखळी आपल्या वाटेने सरपटत गेली असती तर ते शक्यच नव्हतं. म्हणून या प्रकाराला साखळीचा स्फोट म्हणतात. नाव भडक आहे, पण चित्र बरोबर उभं करतं. प्रत्येक तुकडा जागच्या जागी फुगतो, शेजारच्या पापुद्र्यात घुसतो, शेजारचा याच्यात घुसतो. हे काम सेकंदांचं.

दुसरी गोष्ट सावकाश होते. शेजारी घुसलेल्या या तुकड्यांच्या खऱ्या, टिकाऊ गाठी व्हायच्या तर साखळीची टोकं एकमेकींभोवतून जायला हवीत. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ द जेन यांनी 1971 मध्ये मांडलेलं सरपटणं, ज्याला आपण रेप्टेशन म्हणतो, ते हेच: साखळी बिळातल्या सापासारखी आपल्याच लांबीच्या वाटेने पुढेमागे सरकते. याला लागणारा वेळ रेणुभाराच्या साधारण 3.4 व्या घाताने वाढतो. रेणुभार दुप्पट केलात की वेळ दहापट. तुमच्या 30 लाखाला तो तासांमध्ये मोजायचा, आणि 160 ऐवजी 180 अंशांना ठेवलंत तरी तो काही मिनिटांवर येत नाही.

रिओमीटर मोजतो ती ही दुसरी गोष्ट. तुम्ही फिल्मच्या चकत्यांची चवड थोडीशी हलवता आणि ती किती जोराने परत ओढते ते बघता. ओढतात त्या टिकाऊ गाठी. नुसता घुसलेला तुकडा अलगद हलवल्यावर बाजूला सरतो, त्याची नोंद होत नाही. म्हणून तुमचा मोड्युलस 10 मिनिटांनी निम्म्याखाली दिसतो, आणि तो आकडा खरा आहे.

पण ताणयंत्रात तुम्ही वितळ ताणलेला नाही. तुम्ही तो आधी गोठवला आणि मग ताणला. सगळी गोम इथेच आहे.

पुन्हा साड्यांकडे या. घडी घातलेल्या दहा साड्या एकावर एक रचलेल्या आहेत. त्या खळीच्या बादलीत टाका आणि मिनिटभर ढवळा. एकीचा पदर दुसरीच्या निऱ्यांत गेला, तिसरीचा काठ चौथीखाली. गाठ एकही बसलेली नाही. बादलीत हात घालून हलवून पाहिलं तर सगळं सैल लागतं, आणि रिओमीटरचं उत्तरही तेच. आता तो गोळा तसाच बाहेर काढून उन्हात वाळवा. खळ वाळली, कडक झाली. मग एका साडीचं टोक धरून ओढा. निऱ्या सुटत येतील? चार हात येईल आणि फाटेल. गाठी नव्हत्याच, पण जे जिथे होतं ते तिथे खळीने धरून ठेवलं.

स्फटिकीकरण ही ती खळ. वितळ थंड करता तेव्हा साखळीच्या तुकड्यांना पुन्हा शिस्तीत निऱ्या घालायला ना वेळ असतो ना जागा. 80 नॅनोमीटर पसरलेला गुंडा डझनभर पापुद्र्यांना स्पर्श करतो, आणि एकाच साखळीचे वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या पापुद्र्यांत अडकतात. पापुद्र्यांच्या मधल्या पट्ट्यात उरतात ते वेटोळे आणि दोन पापुद्र्यांना जोडणारे बांध. वितळात आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर जे विळखे आपोआप सुटले असते, तेही आता पक्के झाले. 120 अंशांना ताणताना स्फटिकाच्या आतून साखळी सरकते हे खरं, 80-90 अंशांच्या वर ती सरकू लागते म्हणून तर आपण गरम ताणतो. पण ती सरकते निरीतून. शेजारच्या स्फटिकात अडकलेल्या वेटोळ्याला ओलांडून जाणं तिला जमत नाही.

म्हणून ताणक्षमता पहिल्या, सेकंदांच्या घड्याळावर जाते आणि मोड्युलस दुसऱ्या, तासांच्या घड्याळावर येतो. तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, त्यांच्यात भांडण नाही. द्रावणातून केलेल्या फिल्मची जास्तीची ताणक्षमता वितळताक्षणी जवळजवळ सगळी जाते, हे या क्षेत्रातल्या माणसांना 1980 च्या दशकापासून माहीत आहे. माझ्या हातूनही ते इतक्यांदा झालंय की आता आश्चर्य वाटत नाही.

आता हे कशाकशावर अवलंबून आहे, ते. तुमची परिस्थिती मला पूर्ण माहीत नाही, त्यामुळे पुढचं वाचताना आपलं काय ते ताडून बघा.

सगळ्यात आधी तापमान. तुमच्या ओव्हनच्या पडद्यावर 120 दिसतं म्हणजे फिल्म 120 ला आहे असं नाही. यात मी स्वतः दोन महिने घालवले आहेत. तेव्हा मी एका प्रयोगशाळेत वाकवलेल्या गरम पत्र्यावरून फिल्मची पट्टी हाताने ओढत असे. पत्र्याखाली हीटर, बाजूला छोटा पडदा. फिल्मवर बारीक पेनाने दर 2 मिलिमीटरला आडवी रेघ मारायची, पट्टी पत्र्यावरून सरकवत ओढायची आणि रेघांमधलं नवं अंतर मोजपट्टीने मोजायचं. चांगल्या दिवशी 2 मिलिमीटरचे 80 व्हायचे; पट्टी दुधट पांढरी सोडून काचेसारखी व्हायची आणि बोटांना रेशमाच्या धाग्यासारखी लागायची. मग एका पावसाळ्यात काहीच जमेना. त्याच द्रावणाच्या, त्याच जाडीच्या फिल्म 8 पट, 11 पट, कधी 20 पट. मी डेकॅलिनला दोष दिला, हवेतल्या ओलाव्याला दिला, पावडरची नवी बॅच उघडली होती तिला दिला. शेवटी एका सहकाऱ्याने पातळ थर्मोकपल पत्र्याला चिकटवून पाहिला. पडद्यावर 125, पत्र्याच्या मधोमध 138. सेन्सर आपल्या खोबणीतून निसटून बाहेर लोंबत होता. ताणायच्या आधीच मी फिल्मचे काही भाग वितळवत होतो, आणि पट्टी पत्र्यावर किती वेळ रेंगाळते त्यावर आकडा ठरत होता. तेव्हापासून मी पडद्यावर विश्वास ठेवत नाही. थर्मोकपल फिल्मलगत लावा, आणि शुद्ध बेंझॉइक आम्लाचे चार कण जवळ ठेवा. ते 122 अंशांना वितळतं. फुकटातली कसोटी.

दुसरं, उरलेलं द्रावक. डेकॅलिन 190 अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे नुसतं वाऱ्यावर ठेवून ते पूर्ण जात नाही. फिल्म कोरडी दिसते, हाताला कोरडी लागते, आणि आत दोन-तीन टक्के डेकॅलिन दबा धरून असतं. तेवढ्याने वितळणबिंदू खाली येतो आणि ताणताना वंगण मिळतं. मग तुमच्या '40 पट'मध्ये काही पट डेकॅलिनचे असू शकतात, आणि 160 ला वितळवताना ते उडून गेल्यामुळे नंतरची फिल्म अधिकच वाईट दिसू शकते. फिल्म अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून ठेवा, बदलून पुन्हा भिजवा, निर्वात ओव्हनमध्ये 50-60 अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. वजनाच्या शेवटच्या तीन नोंदी सारख्या आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरं, फिल्म मोकळी वितळवलीत की चिमट्यात धरून. तुमच्या प्रश्नात हे नाही, पण फरक मोठा पडतो. या रेणुभाराचा वितळ वाहत नाही. 160 अंशांना फिल्म पारदर्शक होते आणि चिमट्याने उचलली तर रबराच्या पातळ चिंधीसारखी लोंबते. वाळताना फिल्म ज्या दिशेने अडवली गेली होती त्या दिशेचा थोडा ताण तिच्यात गोठलेला असतो. मोकळी वितळवलीत तर ती आक्रसते आणि जाड होते, मग तुमचे '6 पट' आक्रसलेल्या लांबीवर मोजलेले असतील. धरून वितळवलीत तर तो ताण काही काळ टिकतो आणि थंड होताना स्फटिक त्या दिशेने रांगा धरून वाढतात. अशी फिल्म एका दिशेला थोडी जास्त आणि आडवी फारच कमी ताणली जाते. दोन्ही पद्धतींनी करा, आणि कोणती कोणत्या नमुन्याला वापरली ते वहीत लिहा. मी लिहीत नसे आणि नंतर पस्तावलो.

तापवण्याच्या वेगावरही वाद आहे. संजय रस्तोगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवलं की, मुळात गुंता फार कमी ठेवून रिअ‍ॅक्टरमध्येच बनवलेल्या पॉलिइथिलीनला अतिशय सावकाश तापवलं, मिनिटाला अंशाचा काही दशांश अशा वेगाने, तर साखळ्या स्फटिकाच्या कडेकडेने एकेक करून सुटतात आणि मिळणारा वितळ एकजिनसी नसतो. काही भागांत गाठी, काही भागांत जवळजवळ नाहीत. अशा वितळाचा मोड्युलस चढायला फार म्हणजे फारच वेळ लागतो. झटकन तापवलं तर तसं होत नाही. तुमचा नमुना वेगळा आहे, द्रावणातला आहे, त्यामुळे हे जसंच्या तसं लागू करू नका. पण ओव्हनमध्ये फिल्म किती वेगाने तापली हे माहीत नसेल तर तुमचा रिओमीटर आणि तुमचा ओव्हन यांनी एकच प्रयोग केला असं म्हणता येणार नाही. रिओमीटरची जाड चवड आणि ओव्हनमधली सुटी फिल्म यांना तापायला लागणारा वेळ एक नसतो.

जाता जाता एक. वितळणबिंदूच्या खाली, 125 अंशांच्या आसपास, फिल्म तासभर ठेवलीत तर काय, असं पुढे नक्की विचाराल. पापुद्रे जाड होतात. द्रावणातल्या फिल्ममध्ये शेजारशेजारचे दोन पापुद्रे एकमेकांत सरकून जाडी 12 वरून एकदम 24-25 नॅनोमीटर होते, हे क्ष-किरणांनी पाहिलेलं आहे. पण निऱ्या निऱ्याच राहतात, आणि ताणक्षमतेला त्याने फारसा धक्का लागत नाही. म्हणून उष्णता दिल्याने ताणक्षमता जाते असं लिहू नका. ती स्फटिक वितळल्याने जाते, आणि त्यातला फरक 10-15 अंशांचा आहे.

वितळ असतानाच ताणली तर? हा प्रश्न तुम्ही शेवटच्या ओळीत घाईघाईने विचारलाय, पण मला तो जास्त आवडला. इथे खळ नाही, म्हणून इथे ताणयंत्रसुद्धा रिओमीटरच्या घड्याळावर चालतं. नुकतीच वितळलेली फिल्म 150 अंशांना लगेच ताणलीत तर ती मऊ लागेल, बल कमी लागेल, आणि पुष्कळ लांब जाईल. तीच दोन-तीन तास वितळ ठेवून मग ताणलीत तर सुरुवातीपासून ताठ, आणि ताण वाढवत नेला की बलाचा आलेख लवकर वर वळतो. वेग मात्र सांभाळा. फार सावकाश ओढलंत तर तुकडे एकमेकांवरून घसरतात आणि साखळ्या सरळ होतच नाहीत. फिल्म लांब होते पण मजबूत होत नाही. घाईने ओढलंत तर ज्या थोड्या गाठी आहेत त्यांच्यावर सगळा भार येतो आणि पट्टी मध्येच फाटते. कोणता वेग बरोबर, हे रेणुभाराच्या वितरणावर ठरतं. बाजारातल्या पावडरीत 5 लाखांपासून कोटीपर्यंत सगळंच मिसळलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्याच्या निबंधातला वेग तुमच्याकडे चालेलच असं नाही. तीन वेग घ्या, एकेकात दहापटीचं अंतर ठेवा.

तुमच्या शेजारच्या टेबलावर कुणी सिलिकॉनच्या चकतीवर पॉलिस्टायरीन फिरवून पातळ फिल्म करत असेल तर त्यांनाही हे सांगा, त्यांचंही दुखणं या घराण्यातलंच आहे. टोल्युइन हे द्रावक इतक्या वेगाने उडतं की साखळ्या अवघडलेल्या अवस्थेत गोठतात, फिल्ममध्ये ताण कोंडला जातो, आणि 100 अंशांच्या वर नेलं की तो ताणच फिल्मला भोकं पाडायला मदत करतो. तिथे स्फटिक नाहीत, त्यामुळे खळीची उपमा तिथे नेऊ नका.

आता प्रयोग. एका फिल्मच्या एकसारख्या बारा पट्ट्या कापा. 145, 150 आणि 160 अंश, प्रत्येक तापमानाला अर्धं मिनिट, 2 मिनिटं, 10 मिनिटं आणि 2 तास. थंड करून सगळ्या एकाच वेगाने, एकाच 120 ला ताणा. लांबी चिमट्यांच्या अंतरावरून मोजू नका. ही फिल्म इतकी गुळगुळीत असते की ती चिमट्यातून कधी निसटते ते कळत नाही, आणि मान (ताणताना फिल्म अचानक अरुंद होते ती जागा) फक्त मध्येच पडते. रेघा मारा, रेघा मोजा. माझा अंदाज असा की अर्ध्या मिनिटाची पट्टी 10 मिनिटांच्या पट्टीपेक्षा फार वेगळी निघणार नाही, आणि मोड्युलसमध्ये मात्र दोघींत मोठं अंतर दिसेल. 145 ची अर्ध्या मिनिटाची पट्टी चांगली ताणली गेली तर आनंदून जाऊ नका. ती पूर्ण वितळलेलीच नसण्याची शक्यता जास्त. तिचा कोपरा डीएससीत (नमुना तापताना किती उष्णता शोषतो ते मोजणारं यंत्र) टाकून बघा. सोबत तीच पावडर 180 ला दाबून केलेली एक साधी फिल्मही ताणा, म्हणजे खालची पातळी किती ते कळेल.

आणि सरांची शंका. साखळ्या तुटल्या असतील तर रिओमीटरमध्ये मोड्युलस तासन्‌तास चढत राहणार नाही, काही काळाने घसरू लागेल. तुमचा चढतोय, ही एक साक्ष झाली, पण रिओमीटरमध्ये नायट्रोजन होता आणि ओव्हनमध्ये हवा होती, असं सर म्हणू शकतात, आणि ते बरोबरच म्हणतील. म्हणून ओव्हनमधल्याच, 6 पटींवर तुटलेल्या पट्ट्या जमवा. त्या पुन्हा डेकॅलिनमध्ये, अर्धा टक्का अँटिऑक्सिडंट घालून, नायट्रोजनखाली, धुराड्याच्या कपाटात विरघळवा. वेळ लागेल, आधी नुसत्या फुगतील. 140-150 अंशांच्या दरम्यान ढवळत राहा, आणि द्रावण ढवळणाऱ्या दांड्यावर चढायला लागलं की ताबडतोब दांडा थांबवून बाहेर काढा, नाहीतर ढवळूनच साखळ्या तोडाल. तसंच तासभर राहू द्या, मग पहिल्यासारखंच 1 टक्क्याचं जेल, पहिल्यासारखंच वाळवणं. ही फिल्म जर पुन्हा 40 च्या आसपास गेली तर साखळ्या शाबूत होत्या. वितळवल्याने फक्त त्यांची मांडणी बिघडली होती आणि द्रावकाने ती परत लावून दिली. 40 ऐवजी 15 वर तुटली किंवा कमी बलात घसरत गेली, तर सर बरोबर होते, आणि ओव्हनमध्येही नायट्रोजन सोडायला हवा होता.

पट्ट्या कमीत कमी 2 ग्रॅम तरी जमल्याशिवाय सुरू करू नका. पाव ग्रॅमवर मी एकदा केलं होतं, आणि निम्मं द्रावण दांड्यावरच चढून बसलं.